उतारशाळेच्या रक्षकाचे ऋण

दुसऱ्याच्या पैशाने मिळवलेल्या विद्येवर हक्क कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. शिष्यवृत्ती म्हणजे कर्ज नव्हे; ती फेडावी लागत नाही. मग ती घेणारा पूर्णपणे ऋणमुक्त असतो काय? एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे याचा विचार करू या.

अमेरिकेत १९३६ साली डॉ. एल्मर बेस्ट या दंतवैद्याने ‘पिएर फोशार अकादमी’ स्थापन केली. या अकादमीचे धर्मादाय प्रतिष्ठान दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते, तसेच गोरगरिबांसाठी चालणाऱ्या दंतसेवेच्या प्रकल्पांनाही साहाय्य करते. ज्या फोशारच्या नावाने ही संस्था उभी आहे, तो अठराव्या शतकातील फ्रेंच दंतवैद्य. त्या काळी या व्यवसायातील माणसे आपल्या हातातली विद्या सहसा इतरांपासून लपवून ठेवीत. फोशारने १७२८ साली आपले सारे ज्ञान दोन खंडांत छापून जगापुढे ठेवले. आधुनिक दंतवैद्यकाचा तो जनक मानला जातो. विद्या वाटून घेण्याची वस्तू आहे, ही श्रद्धा त्याच्या त्या कृतीमागे दिसते.

आता विद्यार्थ्याची बाजू पाहू. अमेरिकेत कर्ज काढून दंतवैद्य झालेल्या तरुणाच्या डोक्यावर अलीकडच्या वर्षांत सरासरी तीन लाख डॉलरांच्या घरात कर्ज असते. त्यापुढे शिष्यवृत्तीची रक्कम म्हणजे ओंजळभर धान्य. शिवाय रात्री जागून अभ्यास त्याने केलेला असतो, परीक्षा त्याने दिलेली असते आणि बहुतेक शिष्यवृत्त्या गुणवत्ता पाहूनच दिल्या जातात. ‘हे मी माझ्या कष्टाने मिळवले’ असे तो म्हणाला, तर त्यात असत्य काहीच नाही. अशा तरुणाने चार पैसे मिळतील तेथे दवाखाना थाटला म्हणून त्याला बोल लावणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नाही.

यावर एक मार्ग कराराचा आहे. अमेरिकी सरकारच्या ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ या योजनेतून दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिक्षणाचा खर्च मिळू शकतो. त्या बदल्यात, जेथे वैद्यकीय सेवेची टंचाई आहे अशा भागात त्याला किमान दोन वर्षे काम करावे लागते. अटी आरंभीच ठाऊक असतात, म्हणून असा करार न्याय्य आहे आणि त्यामुळे अनेक उपेक्षित वस्त्यांना दंतवैद्य लाभतो. मात्र मुदत संपली की कराराने घातलेले बंधनही संपते. विनाअट दिलेल्या देणगीला मुदतच नसते. म्हणून तिच्याबाबतचा नैतिक प्रश्न अधिक अवघड होतो.

येथे लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाकडे वळावेसे वाटते. शिष्यवृत्तीचा विचार करताना आपण नकळत दात्याला दयाळू शोमरोन्याच्या जागी आणि विद्यार्थ्याला जखमी वाटसरूच्या जागी ठेवतो. माझ्या मते येथेच आपली गल्लत होते. दाखल्यातील शोमरोनी आपले दोन दीनार जखमीच्या हातावर ठेवत नाही. ते तो उतारशाळेच्या रक्षकाला देतो. विद्यार्थी हा तो रक्षक होय. जखमी कोण? दाढदुखीने रात्रभर तळमळणारा मजूर, दात नाहीत म्हणून भाकरी पाण्यात भिजवून खाणारी म्हातारी. त्यांनी प्रतिष्ठानाचे नावही ऐकलेले नसते. तरीही त्या पैशावर खरा हक्क त्यांचाच असतो.

या दृष्टीने पाहिले म्हणजे विद्यार्थ्यावर अन्यायही होत नाही. रक्षकाने उपाशी राहून सेवा करावी, असे शोमरोनी म्हणत नाही. अधिक खर्च झाल्यास तो भरून देण्याचे वचन तो देतो. दंतवैद्याने उचित फी घ्यावी, कर्ज फेडावे, संसार करावा. जखमीला दारातून परत पाठवू नये, एवढीच अपेक्षा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ सालच्या आपल्या सामाजिक परिपत्रकात, खाजगी मालमत्तेवर समाजाचे एक प्रकारचे गहाण असते, असे शिकवले. १९९१ सालच्या परिपत्रकात त्यांनी ज्ञान व कौशल्य हीदेखील मालमत्ताच असल्याचे दाखवून दिले. ही दोन वचने एकत्र वाचली, तर दंतवैद्याच्या हातातील कसबावरही ते गहाण आहे, असे म्हणणे भाग पडते.

दात्यालाही यातून धडा मिळतो. शोमरोनी आभार स्वीकारण्यासाठी थांबला नाही. दुसऱ्या दिवशी तो आपल्या वाटेने निघून गेला. फलकावरील नाव आणि समारंभातील हार यांची अपेक्षा धरणारा दाता रक्षकाची नजर जखमीवरून स्वतःकडे वळवतो.

आपल्या देशात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी हे गहाण मनोमन ओळखले होते, असे वाटते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात दंतवैद्यक शिकून ते मायदेशी परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. त्याचा खर्च ते ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ या आपल्या दुकानाच्या उत्पन्नातून भागवीत. १९४९ साली त्यांनी ते महाविद्यालय विद्यापीठाच्या स्वाधीन केले. ते मुसलमान होते; दाखल्यातील शोमरोनीही ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने परधर्मीच होता, याची आपण ख्रिस्ती लोकांनी आठवण ठेवावी.

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली आज कोणा संस्थेच्या वा सधन कुटुंबाच्या मदतीने शिकत आहेत. ‘उपकार विसरू नकोस’ असे आईवडील त्यांना सांगतात. ते योग्यच आहे. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्याने पैसे दिले त्याच्याकडे वर्षातून एकदा नाताळचा केक घेऊन जाणे, एवढ्याने ते ऋण फिटत नाही. फी किती पडेल, असे तोंड उघडण्याआधीच भीत भीत विचारणारा रुग्ण समोर बसेल, तेव्हा त्या ऋणाची आठवण व्हावी. चर्चच्या प्राचीन आचार्यांनी दयाळू शोमरोन्यात साक्षात ख्रिस्ताला पाहिले. तो परत येणार आहे, आणि आल्यावर त्या जखमीचे काय झाले, हे तो प्रथम विचारील.