सोसणे आणि सोबत

यात्रा म्हटली की आपल्या मनासमोर प्रार्थना, नवस आणि पवित्र मिस्सा उभी राहते. यात्रेच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र एक दिवस असाही असतो, की ज्याच्यापुढे कोणत्याही संताचे नाव लिहिलेले नसते. वेलंकणीला आरोग्यमातेचे दर्शन झाले, नवस फेडले, समुद्रकिनाऱ्यावर लेकरे खेळली. चेन्नईत प्रेषित संत थॉमस ह्यांच्या कबरीवर उभ्या असलेल्या सान्थोम बॅसिलिकेत आणि सेंट थॉमस माउंटवर प्रार्थना झाली. आणि मग पत्रिकेत एकच शब्द येतो : ‘खरेदी’. ह्या शब्दासरशी चाळीस माणसांच्या मेळ्याचे दोन तट पडतात. एक तट पहाटेपासून पिशव्यांच्या घड्या घालून तयार असतो. दुसरा तट सुस्कारा टाकतो आणि मनाशी म्हणतो, आजचा दिवस सोसायचा.

हा दुसरा तट स्वतःला पहिल्यापेक्षा किंचित अधिक भाविक समजत असतो. आपण देवासाठी आलो आणि ही मंडळी साड्यांसाठी, असा एक अस्फुट भाव त्याच्या चेहऱ्यावर दिवसभर रेंगाळतो. म्हणूनच हा क्षुल्लक वाटणारा दिवस एक गंभीर नैतिक प्रश्न घेऊन येतो. ज्या आनंदात आपल्याला आनंद नाही, त्या आनंदात आपल्या माणसांबरोबर घालविलेला वेळ हा सद्गुण ठरतो काय? नुसत्या सोसण्याला काही मोल आहे काय?

प्रथम त्या सोसण्याचे स्वरूप पाहू. चेन्नईच्या टी. नगर भागात, माम्बलम स्टेशनला लागून असलेल्या रंगनाथन स्ट्रीटवर, गर्दीच्या दिवशी माणूस चालत नाही, तो वाहत जातो. स्टीलची भांडी, खोटे दागिने, चपला, फुले, आणि मजल्यांवर मजले चढलेली कापडाची दुकाने. एका दुकानातून बाहेर पडावे तर मागून हाक येते, “फादर, पाच मिनिटं! एवढं एकच दुकान!” ती पाच मिनिटे तासाभराने संपतात. गंमत अशी, की आदल्या दिवशी माउंटच्या पायऱ्या विनातक्रार चढलेला माणूस इथे गाद्यांच्या दुकानात अर्ध्या तासात थकतो. त्याचे पाय तेच असतात. मग थकते ते काय? थकतो तो ‘माझा वेळ’. पायऱ्या चढताना तो वेळ त्याने स्वतः दिलेला होता. इथे तो आपल्याकडून काढून घेतला जात आहे असे त्याला वाटते. दिलेल्या वेळाचे ओझे होत नाही, हिरावलेल्या वेळाचे होते. परंतु यात्रेकरूने आपला आठवडा घरून निघतानाच देवाला वाहिलेला असतो. वाहिलेल्या आठवड्यातून खरेदीचा एक दिवस परत मागून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ ह्या ग्रंथात सहनशीलतेचा विचार केला आहे. त्यांच्या मते दुःखामुळे विवेक ढळू न देणे हे सहनशीलतेचे कार्य होय. म्हणजे दात-ओठ खाऊन उभे राहणे ही सहनशीलता नव्हे. जो उभा आहे, पण घड्याळाकडे पाहून आतल्या आत सोबत्यांचा हिशेब मांडीत आहे, त्याचा विवेक आधीच ढळला आहे. त्याचे शरीर दुकानात आणि मन न्यायासनावर बसलेले असते. त्याच ग्रंथात अक्वायनस आणखी एक गोष्ट सांगतात, जी आपल्याला चकित करते. माणसांत वावरताना प्रसन्नतेने, सौजन्याने वागणे ह्या सद्गुणाला ते न्यायाच्या परिवारात बसवितात. सौजन्य ही आपल्या लहरीवर अवलंबून असलेली देणगी नसून सोबत्यांचे ते एक देणे आहे, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून दुसऱ्यांच्या आनंदाच्या दिवशी तोंड पाडून बसणारा केवळ सहनशीलतेत उणा पडत नाही. तो आपल्या माणसांचे देणे बुडवीत असतो.

ह्यावर कोणी म्हणेल, “दुःखात आम्ही नेहमीच सोबत करतो. कोणाकडे मयत झाली तर रात्रभर जागतो.” खरे आहे, आणि ते थोर आहे. परंतु संत पौल रोमकरांस लिहिताना आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करण्याची आज्ञा आधी देतो आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करण्याची नंतर. चौथ्या शतकातील महान प्रवचनकार संत योहान क्रिसोस्तोम ह्यांनी ह्या वचनावर बोलताना सांगितले, की दोहोंत पहिली गोष्ट अधिक कठीण आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून मन आपोआप द्रवते. दुसऱ्याच्या आनंदात सामील व्हायला मात्र मत्सर जिंकावा लागतो. त्यात मी एवढीच भर घालीन, की मत्सराइतकाच तुच्छताभावही जिंकावा लागतो. शेजाऱ्याचा मोठा आनंद आपल्याला खुपतो, आणि त्याचा लहान आनंद आपल्याला पोरकट वाटतो. दोन्ही वेळा आपण दाराबाहेरच उभे राहतो.

हा लहान आनंद जवळून पाहिला तर किती मोठा असतो! एखाद्या बाईच्या हातातली घडी घातलेली यादी वाचून पाहावी. तीत वस्तूंपेक्षा माणसेच अधिक सापडतात. अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी मऊ सुती लुगडे, आठ दिवस वाडीला पाणी घालणाऱ्या शेजाऱ्यासाठी स्टीलचा डबा, यात्रेला येऊ न शकलेल्या नणंदेसाठी बांगड्या. ही मागे राहिलेल्यांची आठवण आहे. तीच बाई लेकीच्या लग्नासाठी कांचीपुरमचे रेशमी वस्त्र निवडायला दोन तास लावते, ह्याचा आपल्याला राग येतो. पण ज्या वेलंकणीहून आपण आलो, तिथे मातेची मूर्तीही साडीच नेसलेली असते आणि भाविक तिला साड्या अर्पण करतात. साडीतून प्रेम व्यक्त होते हे आपण वेदीजवळ मान्य करतो. दुकानात आल्यावर ते का विसरावे?

आणि त्या दुकानात आपल्याहून अधिक वेळ उभे राहणारे कोणी असते. चार घड्या मोडून दाखविणाऱ्या, पाचवी मागितली तरी न कंटाळणाऱ्या मुली. केरळातील कापडदुकानांतील स्त्रियांनी कामाच्या वेळेत बसायला मिळावे म्हणून लढा दिला. २०१८ मध्ये केरळने आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने कायद्यात दुरुस्ती करून दुकानातील कामगारांना बसण्याची सोय देणे मालकांवर बंधनकारक केले. बसायला मिळावे यासाठी कायदा करावा लागला, ह्याचा विचार गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसून कुरकुरणाऱ्याने अवश्य करावा. जो स्वतःचे सोसणे मोजण्यात गढून जातो, त्याला दुसऱ्याचे सोसणे दिसत नाही. डोळे घड्याळावरून उचलले, की ते दिसू लागते.

ह्याचा अर्थ सोबत म्हणजे होयबागिरी असा मात्र नव्हे. सौजन्याचे देणे सांगणारे अक्वायनसच असेही म्हणतात, की सोबत्याच्या भल्यासाठी प्रसंगी त्याला खिन्न करावे लागले तरी चालेल. आपल्याकडे लग्नखर्चाची चढाओढ कशी वाढली आहे, हे सांगण्याची गरज नाही. अमक्यांनी नेसविले म्हणून आपणही नेसवावे आणि त्यासाठी कर्ज काढावे, असे घडत असेल तर खऱ्या मित्राने बोलावे. पण ते दुकानदारासमोर, चारचौघांत बोलू नये; बाजूला घेऊन, हलक्या आवाजात बोलावे. ज्याने दिवसभर सोबत केली आहे, त्याचाच सल्ला ऐकला जातो. बसमध्ये रुसून बसलेल्याने संध्याकाळी दिलेला उपदेश कोण ऐकेल?

देणे दोन्ही बाजूंचे असते, हेही लक्षात ठेवू. खरेदी करणाऱ्यांनी चारची वेळ दिली तर चारला बसपाशी यावे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बसायला जागा शोधून द्यावी, पाणी आणून द्यावे. आणि ज्याला खरोखरच झेपत नाही, त्याने “मी इथे थांबतो, तुम्ही खुशाल जाऊन या,” असे हसून सांगावे. आंबट चेहऱ्याने केलेल्या सोबतीपेक्षा मोकळ्या मनाने दिलेला निरोप कितीतरी बरा.

शेवटी, हा दिवस ज्या प्रेषिताच्या नगरीत घडतो त्याची आठवण करू या. संत थॉमसला आपण संशयी म्हणून ओळखतो. पण योहानाच्या शुभवर्तमानात तो प्रथम बोलतो ते वेगळेच. प्रभू येशू लाझरससाठी यहुदियात परत जायला निघतो. तिथे दगडमाराचे भय असते आणि शिष्य कचरतात. तेव्हा थॉमस इतरांना म्हणतो की आपणही जाऊ, मरण आले तर त्याच्याबरोबरच येऊ दे. प्रभूच्या मनातला बेत त्याला उमगलेला नसतो, पुढे काही चांगले घडेल अशी आशाही त्याच्या शब्दांत दिसत नाही. तरी तो बरोबर जातो. बायबलमध्ये समाविष्ट नसलेल्या ‘प्रेषित थॉमसची कृत्ये’ ह्या तिसऱ्या शतकातील ग्रंथात तर अशी कथा आहे, की तो भारतात यायला मुळीच राजी नव्हता. तेव्हा प्रभूने त्याला सुतारकाम जाणणारा दास म्हणून हब्बान नावाच्या एका व्यापाऱ्याला विकले, आणि तो त्या व्यापाऱ्याच्या सोबतीने निघाला. कथा इतिहास म्हणून घेऊ नये. पण तिच्यातील खूण घ्यावी. नको असलेल्या वाटेवर, बाजारातल्या माणसाच्या सोबतीने, तो आपल्यापर्यंत पोहोचला.

सोसणे एकट्याने होते. सोबतीला दुसरा लागतो. पुढच्या यात्रेत तो बिनसंताचा दिवस येईल, तेव्हा पत्रिकेत ‘खरेदी’ ह्या शब्दापुढे मनातल्या मनात संत थॉमसचे नाव लिहावे, आणि कोणाची तरी एक पिशवी आपल्या हाती घ्यावी.