चिलखत कशासाठी?

गोळीबार किंवा स्फोट झालेल्या ठिकाणी धावून जाणाऱ्या रुग्णवाहिका-कर्मचाऱ्यांना बुलेटप्रूफ जाकीट द्यावे का, हा वाद अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक वर्षे चालू आहे. तो बहुधा कर्मचाऱ्याच्या जिवाभोवती फिरतो आणि त्यात गैर काहीच नाही. लोकांचे प्राण वाचवायला निघालेल्या माणसाचा प्राण समाजाने जपलाच पाहिजे. परंतु जाकिटाची गरज खऱ्या अर्थाने निर्माण होते ती आत जमिनीवर पडलेल्या जखमीमुळे. मांडीतली मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावतो, आणि वेळेवर टूर्निके, म्हणजे रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा, आवळला तर तोच माणूस जगू शकतो. म्हणून चिलखताची किंमत त्याने किती गोळ्या अडवल्या यावर ठरवता येणार नाही. मदत जखमीपर्यंत किती लवकर पोचली, यावरच ती ठरवावी लागेल. ही कसोटी मान्य केली की जाकीट, आत जाण्याचा स्पष्ट नियम आणि पोलिसांबरोबरचा सराव या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडता येत नाहीत.

या कसोटीची निकड २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमधल्या गोळीबारात दिसली. त्या वेळच्या रीतीप्रमाणे पोलिसांनी इमारतीला वेढा घातला, विशेष पथकाची वाट पाहिली आणि ते पथक एकेक खोली तपासत पुढे सरकले. डेव्ह सँडर्स नावाचे शिक्षक गोळ्या लागून विज्ञानाच्या वर्गात पडले होते. विद्यार्थ्यांनी आपले शर्ट काढून त्यांच्या जखमांवर दाबून धरले आणि ‘एक जण रक्तस्रावाने मरतो आहे’ असा फलक खिडकीत लावला. तीन तासांहून अधिक काळ गेला, वैद्यकीय मदत पोचली नाही आणि सँडर्स गेले. त्यानंतर पोलिसांनी आपली पद्धत बदलली आणि पहिल्या तुकडीनेच हल्लेखोराच्या दिशेने जायचे, असे ठरवले. रुग्णवाहिका मात्र पुढेही बरीच वर्षे ‘जागा पूर्ण सुरक्षित’ होईपर्यंत लांब थांबत राहिल्या. व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलाने यातून वाट काढली. हल्लेखोर जिथून पुढे सरकला आहे, पण धोका पुरता टळलेला नाही, अशा मधल्या भागात पोलिसांच्या संरक्षणाखाली जाकीट-हेल्मेट घातलेले पॅरामेडिक न्यायचे. तिथे फक्त रक्त थांबवायचे, श्वास मोकळा करायचा आणि जखमीला बाहेर काढायचे.

नियमाविना जाकीट काय कामाचे, हे फ्लोरिडातल्या ऑर्लँडोने दाखवले. १२ जून २०१६ च्या पहाटे पल्स नाइटक्लबमधल्या गोळीबारात ४९ जण मारले गेले. अग्निशमन दलाचे एक केंद्र क्लबपासून हाकेच्या अंतरावर होते. दलाने बुलेटप्रूफ जाकिटे आधीच घेऊन ठेवली होती, पण ती कशी आणि कधी वापरायची याचे धोरण मसुद्यातच अडकले होते. जाकिटे मुख्यालयात राहिली आणि पॅरामेडिक आत गेले नाहीत. पुढच्या वर्षी २२ मे रोजी ब्रिटनमधल्या मँचेस्टर अरीनात स्फोट होऊन २२ जणांचा बळी गेला. सर जॉन सॉन्डर्स यांच्या चौकशी अहवालात त्या रात्रीचा गोंधळ तपशीलवार नोंदला आहे. दहशतवादी हल्ल्यासाठीची विशेष कार्यपद्धती पोलिसांच्या नियंत्रण अधिकाऱ्याने लागू केली, पण ते इतर दलांना कळवलेच नाही. अग्निशमन दल दोन तासांहून अधिक उशिरा पोचले. जखमी स्फोटाच्या जागी होते तोवर तिथे अवघे तीन पॅरामेडिक गेले आणि लोकांनी जाहिरातींचे फलक व गर्दी अडवायचे कठडे स्ट्रेचरसारखे वापरून जखमींना खाली आणले. या दोन्ही रात्री कमी पडली ती निर्णयाची व्यवस्था. साहित्याची उणीव हे मुख्य कारण नव्हते.

चिलखतावर पहिला आक्षेप असा, की ते घातलेला पॅरामेडिक पोलिसासारखा दिसतो, लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडतो आणि तो स्वतःच लक्ष्य होतो. आक्षेप गंभीर आहे. वैद्यकीय सेवकाचे तटस्थपण हे त्याचे सर्वांत जुने संरक्षण, आणि १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा करारापासून ते मान्य झाले आहे. पण त्यावर तोडगा निघू शकतो. जाकिटाचा रंग वेगळा ठेवावा, त्यावर ठळक अक्षरांत पॅरामेडिक लिहावे आणि रोजच्या फेरीत ते गाडीतच ठेवावे. शिवाय जो हल्लेखोर दिसेल त्याच्यावर गोळी झाडतो, त्याला पांढरा कोट थोपवू शकत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वेबस्टर इथे एकाने मुद्दाम आग लावली आणि ती विझवायला आलेल्या दोन अग्निशमन जवानांना गोळ्या घालून ठार केले.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो मान्यच करावा लागतो. मऊ जाकीट पिस्तुलाची गोळी अडवते. रायफलच्या गोळीसाठी सिरॅमिकची किंवा तत्सम जड पाटी लागते आणि चाकूच्या वाराची तर निराळी चाचणी असते. दंड, मान, मांड्या उघड्याच राहतात. पाटीचे ओझे अंगावर घेऊन गुडघ्यांवर बसून छाती दाबत राहणे दमछाक करणारे असते. मुंबईकरांना या मर्यादा नव्याने सांगायला नकोत. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे धारातीर्थी पडले, तेव्हा त्यांच्या जाकिटाच्या दर्जावरून आणि पुढे ते जाकीटच न सापडल्यावरून मोठे वादळ उठले. यातून निघणारा धडा खरेदी प्रामाणिकपणे करण्याचा, प्रत्येकाला अंगाबरोबर बसणारे जाकीट देण्याचा आणि मुदत संपताच ते बदलण्याचा आहे. जाकीट अपुरे आहे, एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरत नाही. तरीही त्याच्या भरवशावर पॅरामेडिकला बेधडक पुढे ढकलता येणार नाही, म्हणूनच मधल्या भागाची मर्यादा आणि पोलिसांची सोबत अनिवार्य आहे.

तिसरा आक्षेप आपल्याला अधिक जवळचा आहे. रोजच्या सेवेत गोळी क्वचित असते. दारूच्या नशेतला रुग्ण, संतापलेले नातेवाईक, बुक्की आणि दगड हेच नेहमीचे. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतील डॉक्टरला आधी हवे आहेत ते वेळेवर येणारे पोलीस, गाडीत पुरेशी माणसे आणि २०१० च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्याची खरी अंमलबजावणी. हे मला पूर्ण मान्य आहे आणि पैसा आधी तिथेच जावा. पण ज्या मुंबईत २००८ च्या त्याच रात्री कामा रुग्णालयावरही हल्ला झाला, त्या शहराला दुर्मीळ प्रसंगाची तयारी टाळता येणार नाही. त्या रात्री तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी २० गरोदर महिलांना सुरक्षित खोलीत हलवले. त्यांच्या अंगावर फक्त गणवेश होता. अशा धैर्याचा गौरव जरूर व्हावा, पण धैर्यावर विसंबून आखलेली योजना ही योजनाच नव्हे.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका सेवा यांनी आधी एकत्र बसून ठरवावे, की मधल्या भागात कोण, कोणाच्या हुकमाने आणि कोणाच्या संरक्षणाखाली जाईल. त्याचा दरवर्षी सराव व्हावा. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा विमा आणि कुटुंबाची हमी लेखी असावी. मग जाकिटे घ्यावीत आणि ती कपाटात न ठेवता गाडीत ठेवावीत. जखमीसाठी आत जा, असे पॅरामेडिकला सांगण्याचा अधिकार समाजाला आहे, पण एवढी तयारी केल्यानंतरच.