मागच्या सीटवर काय ठेवलं होतंस?

तुझा निरोप वाचला. "सर, गाडी लॉक होती, मग माझी काय चूक?" असं विचारलं आहेस. विचारलंच आहेस तर आता शेवटपर्यंत ऐकून घे.

चोरी करणारा गुन्हेगार आहे आणि त्याच्या गुन्ह्याचा जाब त्यानेच द्यायचा आहे. त्यात तुला मी वाटेकरी करत नाही. पण मागच्या सीटवर लॅपटॉपची बॅग, तिच्यात दहावीपासून पदवीपर्यंतची मूळ प्रमाणपत्रं, गाडीचं आरसी आणि गाडीची दुसरी किल्ली. आणि ही गाडी लग्नसराईच्या संध्याकाळी मंगल कार्यालयामागच्या अंधाऱ्या बोळात, पंगती उठेपर्यंत उभी. हे सगळं चोराने जमवून आणलेलं नाही. हे तू केलंस.

लॉक होती म्हणतोस. लॉक दरवाजाला असतं, काचेला नसतं. नववीत तुला दाब शिकवला होता: एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारं बल. क्षेत्रफळ घटलं की तेवढ्याच बलाचा दाब वाढतो, हे तू परीक्षेत बरोबर लिहिलं होतंस. गाडीच्या बाजूची काच टफन्ड असते. तापवून झपाट्याने थंड केल्यामुळे तिचा पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला गाभा कायम ताणाखाली असतो. मुठीने ठोसे मारलेस तर ती दाद देणार नाही. पण कठीण टोकाने पृष्ठभागाला एक खोल ओरखडा गेला की आतला ताण एकदम सुटतो आणि क्षणात अख्ख्या काचेचा चुरा होतो. त्यासाठी हातोडा लागत नाही. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकचा तुकडा पुरतो, गलोलीतून सुटलेला छर्रा पुरतो. आवाजही फार होत नाही, आणि वरातीच्या बँडपुढे तर मुळीच ऐकू जात नाही. पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, ती तडकली तरी जागची हलत नाही. म्हणून चोर तिच्या वाटेला जात नाही. त्याला हे ठाऊक आहे. तू विज्ञानाचा विद्यार्थी असून तुला ते आठवलं नाही.

काच वाचवता येत नाही, तेव्हा काचेतून काय दिसतं एवढंच आपल्या हातात उरतं. चोर गाडी निवडत नाही, तो आतली वस्तू निवडतो. रांगेतल्या पंधरा गाड्यांमधून चालत जाताना त्याला एका सीटवर बॅग दिसते आणि तिथे तो थांबतो. बॅग रिकामी आहे की भरलेली, हे त्याला बाहेरून कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. डॅशबोर्डवरून लोंबणारी चार्जरची वायर, काचेला चिकटवलेला मोबाइलचा स्टँड, सीटवर टाकलेला कोट, एवढ्यानेही आत काहीतरी आहे असं त्याला कळतं.

डिकीत ठेवायला हवी होती, हे आता तुला सुचलं आहे. तेही पुरेसं नाही. कार्यालयापाशी उतरून, दहा माणसांच्या देखत, सीटवरची बॅग उचलून डिकीत ठेवलीस तर पाहणाऱ्याला जागा दाखवून दिल्यासारखंच आहे. डिकी भरायची ती घरून निघताना. ज्याला हे जमत नाही त्याने बॅग खांद्याला लावून आत न्यावी. लग्नात बॅग घेऊन बसायला संकोच वाटतो म्हणालास. संकोच वाटला तरी न्यायची. सिंहगडाच्या पायथ्याशी, खडकवासल्याच्या चौपाटीवर, लोणावळ्याच्या धरणावर, जिथे जिथे माणूस गाडी सोडून दोन-तीन तास लांब जातो हे सगळ्यांना माहीत असतं, तिथे तिथे हाच नियम.

आणखी एक सवय लाव. रिमोटचं बटण चालता चालता पाठीमागे दाबून निघून जातोस, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याच वारंवारतेवर गोंगाट करणारं छोटं यंत्र कोणी जवळ चालू ठेवलं तर तुझा आदेश गाडीपर्यंत पोचतच नाही आणि गाडी उघडीच राहते. बटण दाबल्यावर मागे वळ, दिवे लुकलुकले का बघ, हँडल ओढून बघ. सिग्नलला कोणी काचेवर टकटक करून सांगितलं की इंजिनातून ऑइल गळतंय, चाक पंक्चर झालंय, खाली तुमच्या नोटा पडल्यात, तर तिथे उतरायचं नाही. काचा वर, दारं लॉक, आणि पेट्रोल पंपासारख्या उजेडाच्या, वर्दळीच्या जागी गेल्यावरच उतरून पाहायचं. उतरताना किल्ली हातात. नोटांकडे वाकलेल्या माणसाच्या पलीकडच्या दारातून बॅग जाते, ही युक्ती इतकी जुनी आहे की तिला आजही माणसं फसतात याचा मला संताप येतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः हे लिहितो आहे, तिच्याकडे येतो.

बोळाच्या तोंडाशी शिट्टी घेऊन गाड्या लावून देणारा एक मुलगा होता. तुलाही त्यानेच जागा दाखवली. काच फुटलेली पाहिल्यावर तू पोलिसांना पहिलं नाव त्याचं सांगितलंस. का? त्याने बॅग पाहिली होती म्हणून. अरे, ती बॅग त्या बोळातून गेलेल्या प्रत्येक माणसाने पाहिली होती, कारण तू ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होतीस! त्या मुलाला रात्रभर चौकीत बसवलं. सकाळी समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मोटारसायकलवरचे दोघे दिसले आणि त्याला सोडलं. एवढं तू मला लिहिलंस, पण पुढचं लिहिलं नाहीस. ते मला दुसऱ्याकडून कळलं: त्या कार्यालयाने त्याला कामावर बोलावणं बंद केलं आहे.

लॅपटॉप नवीन येईल. प्रमाणपत्रांच्या दुय्यम प्रती खेटे घालून, प्रतिज्ञापत्र देऊन मिळतील. त्या मुलाची लग्नसराईची कमाई कोण भरून देणार? आपल्या निष्काळजीपणाचा पहिला फटका नेहमी सगळ्यात अशक्त माणसाला बसतो. दागिना सापडेना की मोलकरीण, गाडीतलं काही गेलं की वॉचमन, नाही तर गाड्या पुसणारं पोर. आपण वस्तू उघड्यावर टाकतो आणि मग आसपासच्या गरिबाकडे बोट दाखवतो. संशयाला आधार असेल तर जरूर सांगावा, पोलिसांपासून काही लपवू नये. पण तुझ्याकडे आधार नव्हता. तुझ्याकडे फक्त राग होता, आणि तो तू समोर दिसलेल्या माणसावर काढलास. हे मी तुला शिकवलेलं नाही.

कार्यालयाच्या मालकाने भरपाई द्यावी असंही म्हणतोस. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलचा खटला तू वाचलेला दिसतोस, पण अर्धाच. 1998 साली तिथल्या वॅलेट पार्किंगमधून एका पाहुण्याची मारुती झेन चोरीला गेली. पार्किंगच्या कागदावर 'जोखीम मालकाची' असं छापलेलं होतं, तरी सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हॉटेललाच जबाबदार धरलं. का, तर पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली होती, गाडी हॉटेलच्या ताब्यात होती. तू किल्ली कोणाला दिली होतीस? गाडी सार्वजनिक बोळात होती आणि किल्ली तुझ्याच खिशात. निकालातला आपल्या सोयीचा भाग तेवढा उचलायचा नसतो.

विम्याचंही तसंच. गाडीचा विमा आहे म्हणून तू निर्धास्त आहेस. तुझी पॉलिसी काढून वाच. नुसती थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीच्या चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत काच मिळेल, गाडी गेली तर गाडी मिळेल, पण आत ठेवलेला लॅपटॉप त्यात येत नाही. त्यासाठी वेगळा जोड घ्यावा लागतो. आणि गाडी मिळेल म्हणजे काय मिळेल? खरेदीची किंमत नव्हे, घसारा वजा जाता उरलेली. गाडी चार वर्षांहून जुनी, पण पाच वर्षांच्या आतली असेल तर तो घसारा 50 टक्के असतो. तुझी गाडी त्यातच मोडते.

शिवाय गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. तुझी दुसरी किल्ली बॅगेत होती. ती कशी गेली, कधी गेली, फिर्यादीत नोंदली का, हे सगळं ते विचारणार आणि विचारायलाच हवं. माणूस गाडीत किल्ली सोडून गेला आणि गाडी गेली, अशा प्रकरणांत न्यायालयांनी पूर्ण रकमेऐवजी 75 टक्के देवविल्याचीही उदाहरणं आहेत. तीही वर्षानुवर्षं भांडल्यानंतर.

मूळ आरसी गाडीत कशाला? 2018 पासून डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची प्रत रस्त्यावर ग्राह्य धरली जाते. मूळ कार्ड घरच्या कपाटात हवं. ते चोराला दिलंस म्हणजे तुझा पत्ताही त्याला दिलास. विचार कर: त्याच्याकडे आज तुझ्या गाडीची चालती किल्ली आहे, गाडीचा नंबर आहे आणि ती रात्री कुठे उभी असते तेही आहे. तू मला लॅपटॉपबद्दल चार परिच्छेद लिहिलेस आणि किल्लीबद्दल एक ओळ. चोरीला आठवडा होत आला तरी तू ती किल्ली बंद करून घेतलेली नाहीस. हे वाचून मी खरोखर हादरलो.

किल्लीतली चिप गाडीच्या संगणकाला ओळख पटवून देते, तेव्हाच इंजिन सुरू होतं. सर्व्हिस सेंटरमध्ये हरवलेल्या किल्लीची ओळख पुसून टाकता येते. मग ती इंजिन सुरू करू शकत नाही. पण तिची धातूची पाती दरवाजा तरीही उघडू शकते, म्हणून दाराचं कुलूपही बदलून घे. खर्च होईल. कर. बिलाची पावती जपून ठेव, ती पुढे विम्यासाठी लागेल.

तुझ्या पत्नीच्या नव्या गाडीला बटण दाबून सुरू होण्याची सोय आहे, म्हणून तेही सांगून ठेवतो. ती गाडी मीटर-दीड मीटरपुरता क्षीण रेडिओ संदेश सोडते आणि पर्समधली किल्ली त्याला उत्तर देते. चोर दोघे येतात. एक यंत्र घेऊन तुमच्या दारापाशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. यंत्र तो संदेश लांबवर वाहून नेतं, गाडीला वाटतं किल्ली जवळच आहे, आणि ती उघडते. तुम्ही ती किल्ली मुख्य दरवाजामागच्या खुंटीला टांगता, मी पाहिलं आहे. ती आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा. फॅरेडेचा पिंजरा तुला मी शिकवला आहे. मात्र प्रत्येक डबा तेवढा चालेलच असं नाही, तेव्हा प्रयोग करून बघ: किल्ली डब्यात बंद कर, डबा हातात घेऊन गाडीजवळ जा, हँडल ओढ. गाडी उघडली तर डबा बदल.

दोन्ही गाड्यांना गिअर लॉक बसव. इलेक्ट्रॉनिक्स फोडणारा चोरही लोखंड कापायला कचरतो, कारण त्याला वेळ लागतो आणि वेळ हीच त्याची भीती असते. एआरएआय मान्यतेचं चोरीविरोधी उपकरण बसवलंस तर विम्याच्या हप्त्यात थोडी सवलतही मिळते, जास्तीत जास्त 500 रुपये. रक्कम फार नाही, पण त्या निमित्ताने बसवलं तरी जातं.

फिर्यादीची प्रत पाठवली आहेस, तिच्यात 'बॅग गहाळ' असं आहे. गहाळ आणि चोरी यांत फरक आहे. काच फोडून नेलेली वस्तू गहाळ होत नाही. तू न वाचता सही केलीस, हे उघड आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम 305 मध्ये वाहनातून माल चोरल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गहाळच्या नोंदीवर ना तपास होतो, ना विमा मिळतो. उद्या पोलीस ठाण्यात जा, नम्रपणे पण ठामपणे चोरीचा गुन्हा नोंदवून घे, पुरवणी जबाबात किल्ली आणि आरसी दोन्ही लिहून दे, आणि एफआयआरची प्रत माग. ती फुकट मिळते, तो तुझा हक्क आहे. पुढे तपास लागला नाही तर न्यायालयात 'अ समरी' होते. तो कागदही विमा कंपनीला लागतो, तेव्हा पाठपुरावा सोडू नकोस.

पण पोलीस ठाण्याच्या आधी त्या मुलाकडे जायचं आहे. त्याला घेऊन कार्यालयाच्या मालकासमोर उभा राहा आणि सगळ्यांच्या देखत सांग की संशय चुकीचा होता आणि तो तू घेतला होतास. त्याचं बुडालेलं काम मोजून पैसे दे. मग सर्व्हिस सेंटर, मग पोलीस ठाणं. तिन्ही कामं उद्याच, रजा टाकून. संध्याकाळी मला फोन कर आणि तो मुलगा पुन्हा कामाला लागला की नाही, ते आधी सांग.