दस्तरखान कोणाचा?

मुंबईत ताजमहाल हॉटेलातला हार्बर बार १९३३ सालचा. शहरातला पहिला परवानाधारक बार अशी त्याची ओळख सांगितली जाते. आता तशा जागा पुष्कळ झाल्या. मंद उजेड, हलके संगीत, मार्टिनी, निग्रोनी, ओल्ड फॅशन्ड, आणि लहानशा बशीत बोटभर लांबीचे दोन सीख कबाब, ज्यांची किंमत ऐकून मोहम्मद अली रोडवरचा कबाबवाला चक्रावून जाईल.

आमच्यातली शिकलेली, नोकरीत वर चढलेली माणसे कंपनीच्या पार्टीनिमित्त इथे येतात. आम्ही पीत नाही. व्हर्जिन मोहितो मागवतो आणि वेटरला हळूच विचारतो, ‘चिकन हलाल आहे ना?’ शेजारी व्हिस्कीचे पेले भरत असताना विचारलेला हा प्रश्न हसण्यासारखा वाटतो. पण तो ढोंगी नाही. जेवढे पाळता येते तेवढे पाळण्याची ती धडपड आहे.

कधी कधी त्या वेटरच्या छातीवरच्या पट्टीवर आमच्यातलेच नाव असते. गावी त्याचे अब्बा विचारणाऱ्याला ‘हाटेलात आहे’ एवढेच सांगतात. सोयरिकीची बोलणी चालतात तेव्हा मात्र कोणते हॉटेल, काय काम, हे खोदून विचारले जाते. मग हदीस निघते. पैगंबरांनी दारूच्या संदर्भात दहा जणांचा धिक्कार केला, त्यात पाजणारा आणि वाहून नेणारा आहे. खरे आहे. पण त्याच दहांत तिची किंमत खाणाराही आहे. बारला गाळा भाड्याने देणारा शेठ जमातीत पहिल्या सफेत बसतो, त्याला हे कोणी ऐकवत नाही. आणि ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसू नये, अशीही हदीस आहे. ती तर मोहितोवाल्या आम्हालाच लागू होते.

दारू गरिबाच्या हाती असली की आमची भाषाही बदलते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली, तेव्हा आम्ही व्यसनावर बोललो. लाउंजमधल्या दारूला आम्ही ‘ड्रिंक’ म्हणतो.

कुरआनात (२:१७३) अगतिक माणसाला निषिद्ध अन्नाची मुभा आहे. अट एवढीच की त्याला हाव नसावी आणि त्याने मर्यादा ओलांडू नये. ही मुभा नोकरीपर्यंत सैल सोडावी असे आमचे म्हणणे नाही. तशी ती सोडली तर काहीच हराम उरणार नाही. पण अगतिकता मोजायचीच तर ती पेला नेणाऱ्याकडे थोडी तरी सापडेल. साहेबाची मर्जी राखायला टेबलाशी बसलेल्या आमच्याकडे मुळीच नाही.

दारूबंदीचा हुकूमही एका रात्रीत आला नाही. आधी तिच्यात थोडा लाभ आहे पण गुन्हा मोठा आहे असे सांगितले गेले (२:२१९), मग नशेत नमाजेजवळ जाऊ नका (४:४३), आणि शेवटी तिच्यापासून दूर राहा (५:९०). माणसाला वेळ दिला गेला. त्या मुलाला आम्ही वेळ तर देत नाहीच, दुसरे कामही देत नाही. जमातीच्या बैतुलमालमधून त्याला लहानशी खानावळ काढण्यापुरते कर्ज देता येईल. शेठकडून गाळाही मागता येईल, अर्थात बारचे भाडे सोडायची त्याची तयारी असेल तर.