न थांबणारं पेडल

जुन्या सायकलचं फ्रीव्हील काढायचं, त्याजागी चाकाशी जखडलेलं दातेरी चक्र बसवायचं, वर ते पकडून ठेवणारी रिंग आवळायची. मग चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच; उतारावरही सुटका नाही.

ही बेडी कोणी आपणहून का घालून घ्यावी?

सायकल हलकी होते, कमी बिघडते, हे झालंच. पण मूळ ओढ व्रताची: एकाच गिअरवर भागवायचं. ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांना गिअर बदलणं दुबळेपणाचं वाटे, त्या शर्यतीतल्या व्यावसायिक स्पर्धकांना डिरेलरची, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेची, मुभा मिळाली थेट १९३७ मध्ये. उलट सेंट-एतियेनचे ‘वेलोसिओ’, म्हणजे पॉल द विवी, गिअरचे कट्टर पुरस्कर्ते. गंमत म्हणजे शाकाहारी, मिताहारी तपस्वी तेच! म्हणजे संयम नेमका कुठे बसवायचा, चाकात की ताटात?

पुढचा ब्रेक मात्र शहाणे व्रतस्थ काढत नाहीत.