हुलकावणी आणि लबाडी

खेळात प्रतिपक्षास फसविणे हे पाप होय काय, असा प्रश्न मुले शिक्षकांस विचारितात, आणि पुष्कळ शिक्षक 'खेळ तो खेळ' एवढे बोलून तो टाळितात. आमच्या मते तो टाळण्याजोगा नाही. कारण मैदानावर जडलेली सवय मुलगा पालघरच्या बाजारातही बरोबर नेतो.

खो-खो घ्या. या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. पळणारा गडी डावीकडे जाण्याचा भास करून उजवीकडे निसटतो, व लोक त्यास शाबासकी देतात. त्याच्या हालचालीवर भरंवसा ठेवा, असे कोणीच कोणास सांगितलेले नसते. पाठलाग करणाऱ्यास मात्र तशी मोकळीक नाही. खो मिळून तो उठला व एका खांबाकडे वळला, की तो खांब गाठल्यावाचून त्यास मागे फिरता येत नाही. खांदा उलट वळविला तरी पंच चूक धरितात, आणि त्या चुकीच्या बळावर कोणास बाद केले असल्यास तो बाद मानीत नाहीत. त्याची पहिली दिशा हा जणू त्याने दिलेला शब्दच होय.

अमेरिकेत बेसबॉल म्हणून खेळ आहे. क्रिकेटचा दूरचा भाऊ म्हणाना. त्यात धावणारा गडी एका तळावरून पुढच्या तळावर जाण्याची संधि पाहत असतो. चेंडू फेकणाऱ्याने फलंदाजास हवे तसे चकवावे. चेंडू वळवावा, वेग बदलावा, कोणाची हरकत नाही. परंतु तळावर गडी असतां व आपला पाय रबराच्या पट्टीस लागला असतां, फेकण्यास आरंभ करून थांबणे, किंवा पहिल्या तळाकडे चेंडू टाकण्याचे नुसते सोंग करणे निषिद्ध आहे. तिसऱ्या तळाकडे असे सोंग करण्याची मुभा तेथील मोठ्या सामन्यांत पुष्कळ वर्षे होती. तीही २०१३ साली काढून घेण्यात आली. चूक झाली की तळांवरील प्रत्येक गड्यास एक तळ पुढे जाऊ देतात. पट्टीवरून पाय मागे काढल्यावर मात्र त्याने खुशाल हूल द्यावी. तो आता मोकळा आहे हे धावणाऱ्यास दिसतेच.

तर जी खूण खरी मानून वागावे असे नियमानेच दुसऱ्यास सांगितले, ती खोटी करणे ही लबाडी. तारापूरची मासळीवाली पापलेटाचा भाव चढा सांगते, गिऱ्हाईक उठून जाण्याचे सोंग करिते. हे दोघांसही ठाऊक असते, आणि बहुधा दोघेही हसतात. पण ताजव्यास कोणी बोट लाविले, तर हसेल कोण?

एक गोष्ट मात्र आम्हांस विचारांत पाडिते. पट्टीवर पाय असतां चेंडू हातून नकळत निसटून पडला, तरी दंड तोच. कित्येक वाचकांस हा अन्याय वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. तळावरच्या गड्यास फेकणाऱ्याचे मन दिसत नाही, केवळ हात दिसतो. पंच कोणास पापी ठरवीत नाही, तो नुकसान भरून देतो. आपले वजन झिजले आहे याची दुकानदारास खबर नसेल. तरी गिऱ्हाइकाच्या पिशवीत तांदूळ कमीच पडला, आणि तो भरून द्यावयाचा कोणी?