आजचं चिंतन: सीलबंद कॅमेरा

आज गीता ६.१०. योग्यासाठी आलेला त्यातला एकच शब्द घेऊ: अपरिग्रह.

एका मित्राकडे फुजीफिल्मचा एक्स १०० सिक्स आहे, २०२४ची लिमिटेड एडिशन. कंपनीची स्थापना १९३४ची, म्हणून जगभरात नगही १९३४च. ‘वापरू की जपू?’ तो विचारतो.

जपण्यात पाप नाही. पण परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी धरून ठेवणं. मुंबईच्या दमट हवेत बंद खोक्यातल्या लेन्सलाही बुरशी लागू शकते, बॅटरी पडून पडून मरते. आणि त्याचे बाबा ऐंशीचे झालेत. कॅमेऱ्याची किंमत कदाचित वाढेल. बाबांचं आजचं हसू पुन्हा मिळणार नाही.

माझं उत्तर: मित्रा, खोकं जपून ठेव, कॅमेरा बाहेर काढ. पहिला फोटो बाबांचा.

तुमच्याकडे काय सीलबंद आहे?